पहिल्या आवृत्तीतली अंजना

"ही न्हवं," कौशल्याबाई म्हणाल्या. "पुढं काढ."

आरोहीनं पान उलटलं. पुढच्या पानावर पवनचक्की होती. मांजरसुंब्याच्या डोंगरावर दिसतात तसली नव्हे, बुटकी आणि दगडी. तिच्या अंगावर भाला घेऊन धावणारा एक हाडकुळा म्हातारा होता.

"आजी, पोरीचं चित्र पुस्तकात एकच हाय. हीच ती."

तिनं पुन्हा मागचं पान आजीच्या पुढ्यात धरलं. सोनेरी केसांची, मुकुट घातलेली, मुठीत मावेल एवढ्या कमरेची एक राजकन्या गालात हसत होती. कौशल्याबाईंना वाचता येत नव्हतं, पण चित्राला कुठं अक्षरओळख लागते? ही आपली नव्हती.

"तुझ्या आत्याचं चित्र हाय ह्या पुस्तकात. सोमेश्वर सरांनी काढलतं. नाव बघ सरांचं."

"हाय की. 'मूळ चित्रे सोमेश्वर सर' असं लिवलंय. आन् 'आवृत्ती तिसरी'."

नववीतल्या आरोहीला हे पुस्तक शाळेत बक्षीस मिळालं होतं. स्पेन नावाच्या लांबच्या मुलखातली चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट. वीरांच्या कथा वाचवाचून एका म्हाताऱ्याचं डोकं फिरतं, तो मरतुकड्या घोड्यावर बसून पराक्रमाला निघतो, आणि शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याच्या पोरीला राजकन्या समजतो. तिला बिचारीला यातलं काहीच ठाऊक नसतं. नांदूरघाटच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या सोमेश्वर सरांना पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याच्या एका प्रकाशकाकडून या गोष्टीच्या मराठी पुस्तकाची चित्रं काढायचं काम मिळालं होतं. सरांनी स्पेन कुठून बघितलेला असणार! त्यांनी गावातलीच माणसं धरली. देवळातला गुरव घोड्यावर बसवला, शाळेचा ढेरपोट्या शिपाई गाढवावर बसवला. आणि शेतकऱ्याची पोर म्हणून शाळेमागच्या खळ्यावर ज्वारी उफणणारी कौशल्याबाईंची अंजना काढली.

पुस्तक छापून आलं तेव्हा अंजना नव्हती. सर एक प्रत घेऊन दारापर्यंत आले होते. कौशल्याबाईंनी आतून कडी काढली नाही.

आज मात्र त्यांना ते चित्र हवं होतं. रविवारी धर्मापुरीचे पाहुणे आरोहीला बघायला येणार होते.

पाहुण्यांचा मुलगा उसाला जाणारा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या पुरुषाला मुकादम विचारत नाही. म्हणून दिवाळीनंतर ट्रक निघायच्या आत लग्न उरकायची त्यांना घाई होती. आणि कौशल्याबाईंच्या मुलाला, परमेश्वरला, त्याहून घाई होती. तो आणि त्याची बायको मंजुषा सहा महिने फडात राहणार. वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर कशी ठेवायची?

"पोरगी ल्हान हाय रं, परमेश्वरा," कौशल्याबाई दसऱ्यापासून सांगत होत्या.

"अठराची हाय म्हनून सांगायचं. कोन मोजायला बसलंय?"

"सांगून का अंग वाढतं व्हय?"

"आई, आपली ताई अठराची व्हती. चांगली थोराड व्हती. तरी बी गेलीच का न्हाई बाळंतपनात? वयाचं काय नसतं. जे नशिबात असंल ते व्हतं."

इथं कौशल्याबाई उठून चुलीकडं वळायच्या. कारण ताई अठराची होती हे परमेश्वरला सांगितलं कुणी? त्यांनीच.

अंजनाचं लग्न झालं आणि पहिल्याच हंगामात ती सासरच्यांबरोबर उसाला गेली. दिवस राहिलेले, तरी डोक्यावर मोळी होतीच. कारखान्याजवळच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती आणि तिचं लेकरू दोघंही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच गेली. डॉक्टरांनी वय विचारलं, तेव्हा धावत पोचलेल्या बापानं, रामकिसननं, अठरा सांगितलं. मग गावात उठलं की चौकशी येणार, वय काढणार, आईबापाला आत घालणार. रामकिसन हादरला. शाळेतला वर्गाचा फोटो, लग्नाचे फोटो, जत्रेत कागदी मोटारीत बसून काढलेला एक, सगळे त्यानं चुलीपुढं आणून टाकले. "मुखडा बघितला की कुनी बी वय सांगंल," तो म्हणाला. कौशल्याबाईंनी स्वतःच्या हातानं ते एकेक करून चुलीत सारले. त्याच जाळावर भाकरी केल्या, आणि खाल्ल्याही.

चौकशीला कुणी आलंच नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! एका ऊसतोड्याच्या पोरीसाठी कोण गाडी काढून नांदूरघाटला येतंय? फोटो मात्र जायचे ते गेले.

मग पै-पाहुण्यांत, बाजारात, विहिरीवर कुणी हळहळलं की घरचं उत्तर ठरलेलं असायचं, अठराची होती. म्हणता म्हणता कौशल्याबाईंच्या मनातली अंजनाही मोठी होत गेली. तिला पदर आला, अंग भरलं. चेहरा आठवायला जावं तर हल्ली कुणा भलत्याच बाईचा यायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पोटच्या पोरीचं तोंड आठवत नाही, हे आईनं कोणत्या तोंडानं सांगावं?

चार दिवसांपूर्वी मात्र त्यांनी मन घट्ट केलं आणि परमेश्वरला खरं सांगून टाकलं होतं. "ताई चौदाची व्हती. आमी खोटं बोललो."

परमेश्वर हसला होता. "पंचवीस वर्सांनी आठवलं व्हय? लग्न मोडायला तू काय बी बोलशील, आई."

आरोहीच्या पुस्तकात चित्र मिळालं नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्या काळीपिवळी जीपनं केजला गेल्या. सोमेश्वर सर निवृत्त होऊन तिथंच राहत होते. पाठीला बाक आला होता, पण कौशल्याबाईंना त्यांनी दारातच ओळखलं आणि क्षणभर आत या म्हणायचंही विसरले.

"सर, अंजनाचं चित्र बघायचंय. मुकुटातलं नको, खरं."

सरांनी कपाटातून तीन पुस्तकं काढून सतरंजीवर शेजारी शेजारी मांडली. त्यातलं रंगीत पुस्तक त्यांनी बाजूला सारलं. "हे कॉम्प्युटरवर केलंय. मला विचारलंही नाही. सगळ्यांनाच गोरं करून टाकलंय, गुरवसुद्धा साहेब झालाय." मग त्यांनी मधलं उघडलं. "ही दुसरी आवृत्ती. ही मीच पुन्हा काढली."

त्यात सूप होतं, खळं होतं. पण सूप धरणारी चांगली वीस-बावीसची बाई होती, गोल दंडांची, भरल्या छातीची, तिरकं बघणारी. कौशल्याबाई पुस्तकावर वाकल्या. अलीकडे आठवणीत येणारी अंजना ती हीच.

"ही कावून अशी काढली, सर?"

"प्रकाशक म्हणाले, ज्या बाईवर म्हाताऱ्याचं मन जडलंय ती एवढीशी पोर कशी चालेल? वाचणाऱ्याला कसंतरी होतं. थोडी मोठी करा."

"मग केली मोठी?"

"केली," सर खाली बघत म्हणाले.

"आमी बी केलती," कौशल्याबाई म्हणाल्या.

सरांना ते समजलं असावं. त्यांनी उरलेलं, पहिल्या आवृत्तीचं पुस्तक उघडलं. कागद पिवळा पडला होता, शिवण सुटली होती. काळ्या शाईचं साधं चित्र. परकर-पोलक्यातली एक पोर दोन्ही हातांनी सूप डोक्याच्या वर धरून ज्वारी उफणत होती. हात काटक्यांसारखे. बांगड्या मनगटात राहायला तयार नव्हत्या, त्या घसरून थेट कोपरापाशी अडकल्या होत्या. भुसा डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिनं डोळे गच्च मिटले होते आणि त्या भरात जिभेचं टोक बाहेर आलं होतं.

तोंडावरून कौशल्याबाईंना पटकन ओळख पटली नाही. त्या बांगड्यांकडे बघत राहिल्या. त्या त्यांच्याच होत्या. मोठं दिसायची हौस म्हणून पोरीनं आईच्या घातल्या होत्या, आणि फुटतील म्हणून त्या सकाळी त्यांनी तिला एक धपाटाही घातला होता. ते आठवलं आणि मग ते मिटलेले डोळे, ती जीभ, सगळं तोंडच पुढं आलं. कौशल्याबाई सरांच्या घरात, परक्या सतरंजीवर, मोठ्यानं रडल्या. पंचवीस वर्षांत त्यांना असं रडू आलं नव्हतं.

"हे पुस्तक मला न्या लागतंय," डोळे पुसून त्या म्हणाल्या.

"माझ्याकडे ही एकच प्रत उरलीय, बाई. प्रकाशकाकडेही नाही. झेरॉक्स काढून देतो हवं तर."

"झेरॉक्स बघून माहा पोरगा म्हनंल, कालच काढून आनलं. जुनंच पाहिजे." त्या थांबल्या. "सर, तुमी बी जेवला व्हता तिच्या लग्नात."

सरांनी पुस्तकावरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी ते पिशवीत घालून दिलं आणि कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले.

घरी परमेश्वरनं पुस्तक हातातही घेतलं नाही. "पाहुने येनार हायेत, घर सारवायचंय, आन् तू चित्रं दाखवायलीस?" रविवारपर्यंत त्या पिशवी घेऊन त्याच्या मागं फिरल्या आणि तो त्यांच्यापुढं पळत राहिला. शेवटी पाहुणेच आले.

नवऱ्या मुलाचे वडील बिभीषण आणि दोन भाऊबंद होते. पोहे झाले, चहा झाला. मंजुषानं आपली साडी ठिकठिकाणी पिना लावून आरोहीला नेसवली होती. आरोही पाटावर बसली. बिभीषणरावांनी नाव विचारलं, शाळा विचारली, आणि मग परमेश्वरकडे वळून सहज म्हणाले, "वय?"

"अठरा पुरं," परमेश्वर म्हणाला.

पुरुषांच्या बैठकीत बाया येत नाहीत. कौशल्याबाई उंबरा ओलांडून आल्या आणि मधोमध बसल्या. पुस्तक उघडून त्यांनी बिभीषणरावांच्या पुढ्यात ठेवलं.

"पाव्हनं, ही बी अठराचीच हाय. बगा."

बिभीषणरावांनी चित्र बघितलं, पाटावरच्या पोरीकडे बघितलं. "हे तर हिचंच हाय की. चांगलं काढलंय. कुनी काढलं?"

"हिचं न्हाई. ही माही लेक, अंजना. आमी हिला अठराची करून दिली. चौदाची व्हती. वरीस भरलं न्हाई तर उसाच्या फडात बाळंतपनात गेली. आईच्या तोंडानं सांगतेय, खोटं न्हाई."

आरोही मान वर करून आजीकडे बघत होती. त्या पोरीला काय वाटतं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि आताही विचारत नव्हतं.

बिभीषणरावांनी टोपी सारखी केली. "बघून कळवतो," ते म्हणाले. याचा अर्थ सगळ्यांना कळतो. अपशकुनी घर म्हणून ते उठले की पोरीची कीव येऊन, ते त्यांचं त्यांना माहीत. जीप गल्लीच्या बाहेर पडली तेव्हा मंजुषानं भिंतीवर डोकं टेकलं.

"समाधान झालं का तुमचं, आत्याबाई? आता हिला कुठं ठेवू मी? फडात नेऊ, पाचटाच्या कोपीत झोपवू? तितं रातच्याला कोन कोन फिरतं, तुमाला ठावं न्हाई का?"

कौशल्याबाईंना ठावं होतं. त्यांनी पंधरा हंगाम कोपीत काढले होते. "माह्याजवळ ठेव. मी जित्ती हाय तवर बगते," एवढंच त्या म्हणाल्या. मंजुषा आत निघून गेली.

परमेश्वर पुस्तक घेऊन केव्हाच बाहेर गेला होता. याच घरात एकदा अंजनाचे फोटो चुलीत गेले होते. कौशल्याबाई लगबगीनं बाहेर आल्या.

तो ओट्यावर बसला होता. पुस्तक मांडीवर उघडं होतं. वारं सुटलं होतं म्हणून पान उडू नये असा त्यानं अंगठा कडेला दाबून धरला होता, चित्राला तो लागू दिला नव्हता.

"मला ती लई मोठी वाटायची गं," वर न बघता तो म्हणाला. "वढ्याला पानी असलं की मला काखंला मारून पलीकडं न्यायची. मला वाटायचं, केवढी ताकद ताईच्या अंगात."

"तू ल्हान व्हतास," कौशल्याबाई त्याच्याजवळ बसल्या. "सात-आठचा."

तो पुष्कळ वेळ बघत राहिला. पोरीचे काटक्यांसारखे हात, परकराच्या नाडीपाशी आत गेलेलं पोट. बायकोच्या दोन बाळंतपणांत तो दवाखान्याच्या दारात ताटकळला होता, त्याला ते काय असतं ते माहीत होतं.

"आई," त्यानं विचारलं, "एवढ्याशा अंगात लेकरू कसं मावलं असंल गं?"

"न्हाई मावलं," कौशल्याबाई म्हणाल्या.