हसू नका, पण चोक म्हणजे काय?

मी बोलतेय, गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमधली आकाशी रंगाची जुनी गाडी. मला म्हातारी म्हटलेलं चालतं. ‘खटारा’ म्हटलं की मात्र माझं डोकं फिरतं.

जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. माझा दरवाजा नीट लागतो का हे बघायला तो धाडकन आपटणारा एक माणूस तेवढा आठवतो. मला घरी आणलं ते आत्यांनी. त्या सुईण. कुठे पाळणा हलायचा असला की आम्ही दोघी निघायचो, आणि बातमी कळेपर्यंत दाराशी थांबताना मलाच धाकधूक व्हायची.

पुढे आत्यांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि मी धूळ खात पडले. त्या ऑपरेशनला गेल्या, तेव्हा त्यांचा भाचा म्हणाला, “ही अडगळ आता भंगारात काढू.”

त्याची बहीण, दातांची डॉक्टर, उसळली. “रविवारी आत्याला मी हिच्यातूनच घरी आणणार.”

“आणि रस्त्यात बंद पडली तर?”

“तर सोमवारी बोलाव तुझा भंगारवाला!”

पैज माझ्या जिवावर, आणि मला विचारायचंसुद्धा नाही!

भाचीने नवी बॅटरी बसवली, ताजं पेट्रोल भरलं. स्टिअरिंगशेजारी तिला एक काळी मूठ दिसली. ओढली तर दांडी बाहेर आली. “वा, पर्स अडकवायला खुंटी!” म्हणत तिने पर्स लटकवून दिली.

बाई गं, तो माझा चोक! इंजिन गार असताना पेट्रोल जरा जास्त मिळावं म्हणून तो ओढायचा, आणि इंजिन तापलं की आत ढकलायचा. पर्समुळे तो बाहेरच राहिला. आता मी झटकन सुरू व्हायचे, पण चौकापर्यंत पोचेतो नाकातोंडात पेट्रोल जाऊन काळा धूर ओकत बंद पडायचे.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा फोनवर एक ग्रुप आहे. भाची त्यात नवखी. त्यांचे बोललेले मेसेज ती माझ्यातच बसून ऐकायची, म्हणून मलाही सगळं कळायचं. तिथले एक ज्येष्ठ, सगळे त्यांना बॉनेटकाका म्हणतात, तिची तक्रार ऐकून लगेच म्हणाले, “पोरी, आधी चोक बघ.”

नेमकं दुखण्यावर बोट! मला वाटलं, सुटले. तर भाची बाह्या सरसावून ब्रश घेऊन आली. तिच्या लेखी चोक म्हणजे स्वयंपाकघरातलं बेसिन चोक होतं तसलं काहीतरी. तिने धुराची नळी घासली, हवेची जाळी झटकली आणि कळवून टाकलं, “कुठेही चोक नाही. सगळं मोकळं आहे.”

झालं! मंडळींना चेवच चढला. कुणी म्हणे कार्बुरेटर बदल, कुणी म्हणे इंजिनच उतरव. भाची आपली “हो, हो” करत राहिली. न कळलेल्या गोष्टीला मान डोलावण्याची माणसांना भारी हौस.

शनिवारी मी पुन्हा चौकात बसकण मारली. भाचीने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला फार वाईट वाटलं. मग तिने नाक पुसून फोन तोंडाशी धरला. “हसू नका, पण चोक म्हणजे नेमकं काय?”

बॉनेटकाका बोलले, “अगं, स्टिअरिंगशेजारी काळी मूठ असते बघ. ओढली की दांडी बाहेर येते.”

भाचीने वर पाहिलं. पर्स झुलत होती.

“अगंबाई! ही खुंटी नाही?”

मंडळी हसली, खो-खो हसली. पण काकाच पुढे म्हणाले, “मनाला लावून घेऊ नकोस. पहिली गाडी मी हँडब्रेक न सोडताच घरी आणली होती.” मग त्यांनी तिला काजळलेले प्लग कसे पुसायचे तेही सांगितलं.

रविवारी आत्या काठी टेकत हॉस्पिटलबाहेर आल्या आणि मला बघून त्यांनी काठीसकट टाळी वाजवायचा प्रयत्न केला. माझं इंजिन भरून आलं, पण धूर काढला नाही. चौक आला. भाचीने सहज दांडी आत ढकलली.

“हे कुणी शिकवलं गं?” आत्यांनी विचारलं.

“कुणी नाही. मी विचारलं.”

“बरं केलंस. मी लाजेपायी किती दिवस त्याच्यावर छत्री अडकवत होते!”

खरंय ते. मी कुणाला बोलले नव्हते इतकंच.

सोमवार आला, भंगारवाला काही आला नाही. आला तो भाचा. माझ्याभोवती एक चक्कर मारून, खिशात हात घालून बहिणीला हळूच म्हणाला, “हसू नकोस, पण मला शिकवशील चालवायला?”

तुम्हीही या आणि खुशाल विचारा. मी हसत नाही. फार तर हॉर्न जरा वाजतो.