आंब्याखालचे सहा मंगळवार

कीडेन बोलली ती थेट सहाव्या मंगळवारी. दक्षिण सुदानातून पळून युगांडातल्या निर्वासितांच्या छावणीत येऊन तिला दोन वर्षं झाली होती, पण कुणाशी धड शब्द काढला नव्हता. चुलीवर घाटा करपून जायचा आणि ही शेजारीच बसलेली. शेवटी शेजारीण जोकुडूनं तिला हाताला धरून आंब्याखाली दर मंगळवारी मन मोकळं करायला भरणाऱ्या बायकांच्या बैठकीला नेलं.

त्या सहाव्या मंगळवारी कीडेन एवढंच म्हणाली, "नदीत माझ्या हातातून पोर सुटलं."

मग तासभर रडली. बायका तिला बिलगून बसल्या.

मदतसंस्थेतर्फे बैठक चालवणाऱ्या अड्रिको साहेबांनी जरा वेळानं कागद पुढं केले. "आजचा शेवटचा दिवस. अंगठे उठवा, म्हणजे उपचार पूर्ण झाले असं लिहितो."

"पूर्ण?" जोकुडू म्हणाली. "अहो, हिचं तोंड आत्ता कुठं उघडलंय!"

"मावशी, सहाच बैठका मंजूर आहेत. आणि तुम्ही माणसं फार चिवट. एवढं सोसून उभी आहात, वरचे लोकसुद्धा कौतुक करतात."

जोकुडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चिवट? चामड्याची वादी आहोत का आम्ही, तुटत नाही म्हणून ओढत राहायला?"

"माझ्या हातात काही नाही, मावशी."

"मग आमच्याही हाताला अंगठा नाही!"

वीस बायकांनी मुठी आवळल्या. साहेब कोरे कागद घेऊन गेले.

त्यानंतर दर सोमवारी जोकुडू कीडेनला घेऊन छावणीच्या कचेरीच्या दारात जाऊन बसू लागली.

"काय पाहिजे?" पहारेकरी खेकसायचा.

"हिच्या मनाला औषध."

"इथं तापाच्या गोळ्या मिळेनात, आणि हिला मनाचं औषध!"

"ताप मी घरीच उतरवला असता, बाबा. हे मला जमेना म्हणून आले."

नवव्या सोमवारी जिल्ह्याच्या दवाखान्यातली नर्स आली. यापुढं महिन्यातून एकदा येणार होती. अड्रिको साहेबांनीच 'उपचार अपुरे' असं वर लिहून कळवलं होतं म्हणे. कीडेनला गोळ्या मिळाल्या. हळूहळू झोप लागू लागली. ती चार शब्द बोलते, अजून रडतेही. मंगळवारची बैठक आता बायका स्वतःच भरवतात.

पण नर्स आली त्या पहिल्या दिवशी जोकुडूनं तिला ऐकवलंच, "नऊ सोमवार लागले, बाई. हिला शेजारीण नसती तर?"

नर्स खाली मान घालून वहीत कीडेनचं नाव लिहीत राहिली.

"वही मिटू नका," जोकुडू म्हणाली. "बाहेर आणखी सात जणी बसल्यात."