‘केवळ शोभेसाठी’ ठेवलेली चूल

मी बिडाची चूल आहे. मला जुनी म्हणा, हरकत नाही. वयाची मला लाज वाटत नाही. पण मित्रांनो, मला शोभेची वस्तू म्हणू नका. ते ऐकून माझा जळफळाट होतो, आणि खरोखर जळावे म्हटले तर दहा वर्षांत कुणी मला एक काडीही दिलेली नाही!

इंग्लंडमधल्या हार्स्टो गावात मेंढीबाजाराची गल्ली आहे. तिच्या टोकाच्या दगडी घरात मी राहते. काळ्या वाळूच्या साच्यात लोखंडाचा लालबुंद रस ओतून मला घडवले. डावीकडे विस्तवाचा कोठा, उजवीकडे पाव भाजायचा कप्पा, वर भांडी ठेवायला दोन जागा. चार माणसांनी घाम गाळत मला आत आणले तेव्हा दाराच्या चौकटीचा टवका उडाला. अशी मी वजनदार!

या घरात पार्जिटर कुटुंब राहायचे. वॉल्टर पार्जिटर घोड्यांची खोगिरे शिवायचा. त्याची बायको एडा दर शुक्रवारी मला काळे पॉलिश लावून असे घासायची की माझ्यात तिचा चेहरा दिसावा. त्यांना दोन मुली, थोरली डोरीन आणि धाकटी एनिड. एडा आजारी पडली तेव्हा डोरीन बारा वर्षांची होती. आई अंथरुणातूनच ओरडायची, “डोरीन, आधी चुलीच्या पोटाला घाल, मग तुझ्या!” आणि डोरीन पेंगुळल्या डोळ्यांनी माझ्यात कोळसे टाकायची.

गुरुवार हा बाजाराचा दिवस. एका फेब्रुवारीत एका मेंढपाळाने गारठून काठीसारखे झालेले कोकरू आमच्या दारात आणले. माझा विस्तव मंद होता. डोरीनने कप्प्यात गोणपाट अंथरले, कोकरू त्यावर ठेवले आणि समोर फतकल मारून बसली.

वॉल्टर म्हणाला, “अगं, वाचवतेस की भाजतेस?”

“गप्प बसा हो बाबा. दार सताड उघडं आहे, दिसत नाही का?”

तिन्हीसांजेला कोकरू माझ्या पोटात बें बें करू लागले. मित्रांनो, मी हजारो पाव भाजले, पण त्या दिवसाइतकी ऐट मला कधी वाटली नाही.

एनिड लग्न होऊन लीड्सला गेली. डोरीनने लग्न केले नाही. आईवडील गेल्यावर ती आणि मी, अशा दोघीच राहिलो. ती माझ्याशी भांडायचीसुद्धा. “आज धूर का काढतेस गं? रुसलीस?” ऐंशी वर्षांची झाल्यावर तिचे गुडघे गेले आणि तिला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात नेले. घर भाड्याचे होते. घरमालकाने ते फेनविक नावाच्या लंडनकराला विकून टाकले.

आता ऐका माझी विटंबना. फेनविकने घर सुटीच्या पाहुण्यांसाठी सजवायला काढले. माझ्या धुराड्यात बोळा कोंबला. मला, बिडाच्या चुलीला, पांढरा रंग फासला! विस्तवाच्या कोठ्यात बॅटरीवर लुकलुकणाऱ्या मेणबत्त्या ठेवल्या. पाव भाजायच्या कप्प्यात तुकडे हरवलेली चित्रकोडी आणि कागदी सूर्यफुले भरली. वर पाटी टांगली, ‘केवळ शोभेसाठी. हात लावू नये.’ पाहुणे यायचे, माझ्या डोक्यावर दारूचे पेले ठेवून फोटो काढायचे आणि म्हणायचे, “किती गोड आहे नाही!” गोड? माझ्या चटक्यांनी या घरातल्या दोन पिढ्यांची बोटे भाजली आहेत!

मग मागच्या मे महिन्यात चार दिवसांसाठी एक पाहुणी आली. पांढरे केस, हातात छोटी बॅग. दारातून आत आली आणि मला पाहून तिथेच थबकली. “अरे देवा,” ती म्हणाली, “हिला काय केलंय हे!” आवाजावरून मी ओळखले. ती एनिड होती. स्वतःच्या घरात पाहुणी म्हणून आली होती.

तिने फेनविकला फोन लावला. तिला कमी ऐकू येते, म्हणून फोनचा आवाज मोठा होता आणि मला सगळे ऐकू आले.

“माझी बहीण वृद्धाश्रमात आहे हो. नव्वदीची आहे. सहा महिन्यांत एक शब्द बोललेली नाही. गुरुवारी तिला इथे आणणार आहे. तेवढं धुराडं साफ करून घेऊ का? खर्च माझा. या चुलीत एकदाच पाव भाजते, त्या वासानं कदाचित...”

“छे छे, आजीबाई! रंग खराब होईल. लोकांना फोटोतली चूल हवी असते. स्वयंपाकघरात विजेची शेगडी आहे की.”

एनिडने फोन ठेवला. ती माझ्या कडेवर हात ठेवून उभी राहिली. मला त्या माणसाचा असा संताप आला की विस्तव असता तर मी लाल झाले असते.

गुरुवारी टॅक्सीतून डोरीन आली. काठी टेकत, मान खाली, डोळे विझलेले. एनिडने तिला माझ्यासमोर खुर्चीत बसवले. बाजारातून आणलेला ताजा पाव तिच्या नाकाशी धरला. “डोरीन, बघ तरी! आपलं घर आहे.” डोरीनची मान वर झाली नाही. एनिड चहा करायला वळली आणि उघड उघड रडू लागली.

तेवढ्यात डोरीनचा हात पुढे आला. सत्तर वर्षांची सवय ती! पाव झाला का ते पाहायला तिने माझ्या कप्प्याची कडी उचलली. दार उघडताच सूर्यफुले आणि चित्रकोड्यांचे तुकडे तिच्या मांडीवर कोसळले.

डोरीन कडाडली, “माझ्या चुलीत हा कचरा कुणी कोंबला?”

एनिडच्या हातातला कप पडून फुटला.

“रडतेस काय, एनिड! सुरी दे इकडे. आणि ही पांढरी थेरं कुणाची?”

दोघी म्हाताऱ्या बहिणी सुऱ्या घेऊन माझा रंग खरवडायला बसल्या. एकीकडे हसत होत्या, एकीकडे भांडत होत्या. कप्प्याच्या दारावर हातभर काळी जागा मोकळी झाली, तोच घराची देखभाल करणाऱ्या ट्रँटरबाई धुतलेले टॉवेल घेऊन आल्या.

“अहो आजी, हे काय चाललंय! मालक माझा जीव घेतील!”

डोरीनने मान वर केली. “तू ट्रँटरांची सून ना? तुझी सासू माझ्याकडून पाव न्यायची. तिनं हे पाहिलं असतं तर तुझा कान धरला असता. टॉवेल ठेव आणि ती बाजू घे.”

ट्रँटरबाईंनी टॉवेल ठेवले. सुरी मात्र घेतली नाही. नोकरीचा प्रश्न होता. पण त्या खुर्ची ओढून बसल्या, आणि जाताना त्यांनी सूर्यफुले कचऱ्याच्या पिशवीत घातली.

फेनविकच्या हुकमावरून पुढच्या आठवड्यात मला पुन्हा पांढरे केले. ब्रश ट्रँटरबाईंच्याच हातात होता. त्या माझ्याशी पुटपुटत होत्या, “काय सांगू तुला, डोरीनबाई आता थांबतच नाहीत. आश्रमातल्या मुलींचे कान किटलेत. रोज स्वयंपाकघरात जाऊन झाकणं उघडतात आणि सगळ्यांना रागावतात.”

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिला रंग फासू नका, तिच्यावर पाटी टांगू नका. तिला तिचे काम द्या. आणि सुटीत कधी हार्स्टोला आलात, या घरात उतरलात, आणि कुणी विचारले की ही चूल चालते का, तर ठणकावून सांगा, चालते. कुणी चालवत नाही.