मागच्या अंगणाचा उतार

घर आतून पाहून झालं आणि आमची ही चपला काढून मागच्या अंगणात उतरलीसुद्धा. एकतीस वर्षं चौथ्या मजल्यावर कुंड्यांत बाग केलेली बाई ती. "कपड्यांची दोरी इथे. लिंबू तिकडे, कोपऱ्यात. आणि या तुतीखाली नुसतं बसायचं," गवतावरून फिरत ती सांगत होती.

मी वही काढली. घेण्याआधी अंगण कसं पाहावं, हे एका पुस्तकातून उतरवून घेतलं होतं. माझं ज्ञान तेवढंच. माती मुठीत दाबून पाहिली, छान होती. तुतीची मुळं भिंतीपासून लांब होती. राहिला उतार. नळावर बादली भरली आणि अंगणाच्या मधोमध ओतली.

पाणी क्षणभर घुटमळलं आणि सरळ घराकडे निघालं.

माझंच काही चुकलं असेल म्हणून जरा सरकून दुसरी ओतली. मग तिसरी, पार कुंपणाजवळ. तिन्ही बादल्या भिंतीच्या पायथ्याशी जाऊन जिरल्या. तिथला वेल बाजूला केला, तर गुडघ्याएवढी ओल चढलेली. हात लावताच प्लास्टरचा पोपडा गळून पडला.

"चौथी ओतू नका," मागून ही म्हणाली. "पाणी काही तुमचं ऐकायचं नाही. ऐकणारी एक मीच."

"पोरीला सांगायला हवं." घर मुलगी घेणार होती, आम्हा दोघांसाठी; ती आत दलालाशी बोलत होती.

"तुम्ही न सांगता राहाल थोडेच?" असं म्हणून ती तुतीकडे पाहत राहिली.

मी सांगितलं. "किरकोळ आहे हो काका, चार पाट्या माती टाकली की झालं," दलाल म्हणाला. मुलीनं वाकून भिंत पाहिली.

"आई, हे नको गं. दर पावसाळ्यात पाणी आत येईल."

"बरं," ही म्हणाली.

दलाल कुलूप लावू लागला, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "गुरुवारी पुन्हा एकदा बघता येईल का हो?"

"अगं आई, आत्ताच नको म्हणालो ना आपण?"

मुलगी आणि दलाल माझ्याकडे पाहू लागले. थाप मारणं मला कधीच जमलं नाही. कान लाल होतात.

"येऊ की," मी म्हणालो. "तुतीच्या पलीकडची बाजू नीट बघायची राहिलीय."