तीन शून्यांपलीकडे

ऑफिसाबाहेर फोन लावायला एक शून्य, सुरतेबाहेर लावायला त्यावर आणखी एक, आणि देशाबाहेर लावायला आणखी एक. पांडेसराच्या त्या कापड रंगवायच्या मिलमध्ये पहिल्या दिवशी मला एवढंच शिकवलं आणि टेलिफोनच्या बोर्डासमोर बसवलं. बाकीचं मी ऐकून ऐकून शिकले. ऑपरेटरने लोकांचं बोलणं ऐकू नये असा नियम आहे. पण ज्याने तो केला, तो कधी दिवसभर बोर्डासमोर बसलेला नसणार.

ही सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर दोनेक वर्षांनी घडलेली गोष्ट. आमच्या साड्या दुबईला, जेद्दाला, बँकॉकला जायच्या, आणि फोन सगळे माझ्या बोटांतून जायचे. परदेशी लाईनला जयंतीशेठने कुलूप घातलं होतं. खरं कुलूप नव्हे, आकड्यांचं. ते आकडे शेठला आणि मला, दोघांनाच ठाऊक. त्यामुळे मिलमध्ये आपला मान रंगखात्याच्या मास्तरपेक्षा वर आहे असं मी समजायचे. मास्तर तसं समजत नसे, पण त्याच्या घरी फोन नव्हता, म्हणून तो मला नूतनताई म्हणायचा.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मालतीबाई दारात येऊन उभी राहिली. ती साड्यांच्या घड्या घालायच्या खात्यात कामाला. आमच्याच नवागामात, दोन गल्ल्या सोडून राहायची. मूळची आमच्यासारखीच धुळ्याकडची. गल्लीत तिला सगळे प्रवीणची माय म्हणायचे. तोंडात मूग धरून बसणारी बाई. ती आपणहून ऑफिसात आली म्हणजे काहीतरी गंभीर असणार, हे मला तिथेच कळलं.

तिच्या हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा होता. खोक्याचं झाकण फाडून आणलेलं. त्यावर शारजाच्या एका डाइंग फॅक्टरीचं नाव आणि नंबर छापलेला.

"नूतन पोरी, हाऊ नंबर लागी का?" तिने विचारलं.

तिचा नवरा त्या फॅक्टरीत कापड रंगवायच्या जेट मशीनवर होता. प्रवीण रांगत होता तेव्हा गेला. दोन वर्षांनी यायचा, तर करार वाढवून तिथेच राहिला. आता ती दोन वर्षंही भरत आली होती. काल त्याच्या गावचा, त्याच फॅक्टरीत काम करणारा बळीराम सुट्टीवर आला. त्याने खोकंभर सामान आणलं आणि निरोपही आणला. येत्या शनिवारी फॅक्टरी नवीन करारावर सह्या घेणार आहे, आणि मालतीबाईचा नवरा सही करायच्या विचारात आहे. म्हणजे आणखी दोन वर्षं. पत्र टाकून ते शनिवारच्या आत पोचणं शक्यच नव्हतं.

"त्यास्ले सांगनं शे, सही करू नका," ती म्हणाली. "घर या."

मी शेठच्या केबिनमध्ये गेले. जयंतीशेठ फोनच्या बाबतीत असा चिकट की स्वतःच्या मेव्हण्याला मुंबईचा फोन लावू देत नसे. त्याने ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"जोडी आपो," तो म्हणाला. "पण टूंकमां पतावजो."

लावून द्या, पण थोडक्यात आटपा म्हणजे. मी बाहेर आले आणि मालतीबाईला माझ्या खुर्चीवर बसवलं. तिला ताकीद दिली: उगाच कसे आहात, जेवलात का विचारत बसू नका, मुद्द्याचं आधी बोला. शून्य दाबलं, बाहेरची लाईन आली. कुलूप उघडलं. दोन शून्यं, मग देशाचा आकडा, मग शारजाचा, मग पुठ्ठ्यावरचा नंबर. तिकडची घंटा आपल्यासारखी वाजत नाही, लांबट वाजते. मालतीबाईने रिसीव्हर उलटा धरला होता. तो सरळ करण्यात वेळ जाईल म्हणून मी स्पीकरचं बटण दाबून टाकलं.

तेवढ्यात दुसरी लाईन खणखणली. मुंबईचा दलाल. त्याला टाळता येत नव्हतं, म्हणून मी तिकडे वळले. आणि नेमकं तेव्हाच शारजाला फोन उचलला गेला.

"हॅलो, किसको मांगता?" तिकडचा ऑपरेटर केरळी वाटला.

मालतीबाईने हातातला पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला.

"किसको मांगता? नाम बोलो, नाम!"

आता नाव कसं बोलणार? आमच्याकडची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात घेते ते उखाण्यात, तेही चार जणींनी दार अडवल्यावर. एरवी पोराच्या नावाने काम चालतं. मी दलालाशी बोलता बोलता एका कानाने ऐकलं, मालतीबाई म्हणाली, "आम्हना प्रवीणना बाप शेतस ना, त्यास्ले बलावा."

"प्रवीण? ओके. होल्ड करो."

मला वाटलं, झालं काम. त्याचं नाव मीही विचारलं नव्हतं. ऑपरेटरला नंबर लागतो, नावाशी त्याला काय करायचंय? मी दलालाला वाटेला लावलं. स्पीकरमधून यंत्रांची घरघर येत होती. मग कोणीतरी धापा टाकत आलं.

"हां, बोला," पुरुषी आवाज आला. मराठी.

मालतीबाईने पदर डोक्यावर ओढला आणि बोलायला लागली. चार वर्षांचं साठलेलं. मी सांगितलेला मुद्दा तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकला, सही करू नका, घर या. पण मग ती थांबलीच नाही. पोरगा मोठा व्हई ग्या, त्याले फोटोमा बाप दखाडना पडस. मी रोज तीन ताटं वाढस आणि एक परत ठेवस. बळीराम म्हणस तुम्ही खोकलतस, रंगनी वाफ छातीमा जास, मंग कसाले राहतस तठे? "माले आते पैसा नही जोयजे. माणूस जोयजे."

लाईनवर आवाज फिरून यायचा. त्यामुळे ती बोलली की क्षणभराने तिचाच आवाज शारजाहून परत यायचा, माणूस जोयजे. कोणीतरी आपली नक्कल करतंय असं वाटून ती दर वाक्याला दचकायची, तरी पुढे बोलायची. कोपऱ्यात हिशेब लिहिणारे मेहताजी लेखणी खाली ठेवून बसले होते. त्यांना शब्द कळत नसतील, पण डोळे त्यांचेही भरले होते. माझं तर विचारूच नका. घरी जाताना रोज तिच्या दारावरून जाते, आणि या बाईच्या पोटात एवढं आहे याचा मला पत्ताही नव्हता.

ती थांबली. पलीकडे यंत्रं घरघरत राहिली.

"बाई," तो आवाज म्हणाला, "मी तुमचा कोनी नाही जी."

मालतीबाईने रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"मी प्रवीण. यवतमाळकडचा. इथं प्रवीण नावाचे तीन जन हायेत, त्यानं मलेच बलावलं. मले घरून कोनी फोन करत नाही जी. मराठी आवाज आला, म्हून ऐकतच राह्यलो. मधात बोलाले पायजे होतं. माफ करा."

मालतीबाईचा चेहरा लाजेने काळवंडला. परक्या माणसापुढे मन उघडं केलं, तेही सगळं ऑफिस ऐकत असताना. ती मुसमुसत उठायला लागली. मी तिला खांद्याला धरून बसवलं.

"रडू नका," प्रवीण म्हणाला. "तुमच्या मानसाचं नाव सांगा फकत. चारशे लोक हायेत, पन मी आजच्या आज शोधतो आन निरोप देतो. काय नाव?"

झालं, पुन्हा तिथेच येऊन अडलं घोडं. मालतीबाईने माझ्याकडे पाहिलं, जणू मला ठाऊक असेल. मला कुठलं ठाऊक? गल्लीत त्याला सगळे प्रवीणचा बाप म्हणत, नाहीतर पाटील म्हणत, आणि पाटील त्या फॅक्टरीत प्रवीणपेक्षा जास्त निघाले असते.

"उखाण्यात घ्या," मी कुजबुजले.

तिने मान हलवली. घसा साफ केला. "तापीना थडीवर पेरी जवारी..." आणि अडकली. लग्नातला उखाणा, पुढचा अर्धा आठवेना.

"मंग?" प्रवीणने शारजाहून विचारलं. बिचारा, त्याला वाटलं हाही निरोपाचाच भाग.

"तापीना थडीवर पेरी जवारी..." पुन्हा तेच. मीटर पळत होतं. केबिनच्या काचेआडून शेठने आमच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवून बसला. मी त्याचे आजही उपकार मानते.

मालतीबाईने डोळे मिटले. उखाणा सोडून दिला. देवळात घंटेला हात घालावा तसा एक हात समोर धरला आणि मोठ्याने म्हणाली, "धुडकू."

मग आणखी स्पष्ट, सासऱ्याचं नाव जोडून, "धुडकू राघो."

क्षणभराने शारजाहून तिचाच आवाज परत आला. धुडकू. धुडकू राघो. तिने तोंडावर हात दाबून धरला.

"धुडकू!" प्रवीण ओरडलाच. "तो त माह्याच खोलीत राह्यते जी!"

अख्ख्या आखातात दुसरा धुडकू मिळाला नसता. आधी नाव घेतलं असतं तर एका मिनिटात तो सापडला असता. पण तो होता रात्रपाळीला, खोलीवर झोपलेला. प्रवीणने निरोप द्यायचं कबूल केलं आणि फोन ठेवला. त्यानंतर मालतीबाई बोर्डाजवळून जाताना मला पाहिलं की मान खाली घालायची.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात धुडकू पाटील ऑफिसात आला. वाळलेला, खोकणारा, डोळे मात्र हसरे. पुड्यात खजूर आणला होता. शेठला दिला, मेहताजींना दिला, मला दोन मुठी जास्त दिला. मी न राहवून विचारलं, प्रवीणने सगळं नीट सांगितलं ना? ताटाचं, फोटोचं?

"नाही ओ ताई," धुडकू म्हणाला. "ते घरी आल्यावर समजलं. तो प्रवीण पळत आला, मला गदागदा हलवून उठवलं आणि रडायलाच लागला. एवढंच बोलला, धुडकू, तुझ्या बायकोनं फोनवर तुझं नाव घेतलं."

"मग?"

"मग काय? अठरा वर्षांत तिनं माझं नाव घेतलं नाही. मी म्हटलं, आता तिथे थांबण्यात अर्थ नाही. सही केली नाही."

त्या संध्याकाळी फाटकाशी मालतीबाई भेटली. आता ती मान खाली घालत नव्हती. मी तिला चिडवलं, "काय मालतीबाई, नाव घ्या की एकदा, फोनशिवाय."

ती पदराआड हसली.

"आते नाव कसाले लेऊ वं?" म्हणाली. "घरमाच त शेतस."