चाळीस पावलांचा गडगा

कावेरीने चपला काढून पाटाच्या पाण्यात पाय सोडले आणि म्हणाली, "अगोबाई! डोंगरात एवढं थंडगार पाणी? आणि तुम्ही फोनवर सांगायचात, इथे नुसती वाळू."

"वाळू तिकडे दुबईत गो. हा डोंगर आहे." नागेश काठावर उभाच होता. "चल, अजून पुढे बघायचं आहे."

"बसा की जरा. डोंगर पळतोय का कुठे?"

डोंगर पळत नव्हता, नागेशचा जीव मात्र कधीचा पुढे पळाला होता. डोंगरातल्या या अरबी गावाच्या वरच्या अंगाला, खजुरांच्या बागेच्या कडेने त्याने कुंपणाचा एक गडगा बांधला होता. दगडावर दगड ठेवून, सिमेंटचा एक थेंब न लावता, आपल्या राजापूरकडे बांधतात तसा. अकरा वर्षांत त्याने दुबईत किती बिल्डिंगींवर काम केलं याचा हिशोब त्यालाही नव्हता, पण बोट दाखवून 'हे माझं' म्हणावं असं त्यांत काहीच नव्हतं. हे जुनं गाव पुन्हा नीट उभं करायचं काम त्याच्या कंपनीला मिळालं, सुका दगड रचणारा माणूस सापडेना, तेव्हा नागेश पुढे झाला. काम बघून इंजिनीअर धनंजयसाहेब एवढे खूश झाले की त्यांनी स्वतः धावपळ करून कावेरीचा व्हिजिट व्हिसा काढला. "वहिनींना एकदा दाखव तुझं काम," म्हणाले. दोन आठवडे कावेरी शहरात साहेबांच्याच घरी राहिली होती आणि नागेश सोनापूरच्या कामगारांच्या कॅम्पातून संध्याकाळी भेटायला जात होता. हा शेवटचा शुक्रवार. सकाळी कंपनीच्या पिकअपने त्यांना इथे सोडलं होतं, चार वाजता ती परत न्यायला येणार होती.

कावेरी मात्र निवांत. कधी नव्हे ते नवऱ्याबरोबर हात हलवत फिरायला मिळालं होतं, तर ती कशाला घाई करतेय! अरुंद गल्लीत ती शेळ्यांशी बोलली. दगडी घरांच्या दारांवरची नक्षी तिने बोटाने चाचपली. एका अंगणातल्या म्हातारीने खजूर पुढे केला तेव्हा ती खुशाल तिच्या शेजारी बसली आणि मराठीतून गुडघेदुखीवर उपाय सांगू लागली. म्हातारी अरबीतून काहीतरी सांगत होती. दोघींचं छान जमलं. पुढे एका वळणावर ती एकदम ओरडली, "अहो, आंबा! मोहर बघा कसला आलाय!"

शेळ्यांचं कौतुक झालं, खजुराचं झालं, मोहराचं झालं. नागेश सगळ्याला मान डोलावत होता आणि मनात म्हणत होता, आता माझंही कर बाई.

कारण कावेरी कौतुकाला भलतीच कंजूष होती आणि गडग्याच्या बाबतीत तर विचारूच नका. तिचे वडील किसनदादा म्हणजे पंचक्रोशीतला गडग्याचा शेवटचा शब्द. गडगा पुरा झाला की ते अनवाणी त्याच्यावर चढायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे. पायाखाली एक जरी दगड हलला, तरी तेवढा भाग पाडून परत रचायचा. नागेशचा पहिला गडगा त्यांनी तीन वेळा पाडायला लावला होता, आणि नवी नवरी कावेरी डोक्यावर दगड वाहताना त्याच्या बाजूने एक अक्षर बोलली नव्हती. किसनदादा गेल्यावर वाडीत गडग्यावर चालायचं काम तिच्याकडे आलं. सख्ख्या भावाचा गडगाही तिने भर वाडीत 'हलतोय' म्हणून पाडायला लावला होता. भाऊ वर्षभर बोलला नाही. ही म्हणाली, "नको बोलू. हलतोय तो हलतोय."

दुपार कलली तेव्हा दोघं वर पोचली. नागेश बाजूला झाला.

कंबरेएवढा उंच, दीड हात रुंद, चाळीस पावलं लांब. बागेच्या कडेने जात मध्ये हलकेच वळण घेतलेला. कावेरीने पदर खोचला. एका जागी खाली वाकून तिने सांधे बघितले, दोन दगडांमधली कपची अंगठ्याने दाबून पाहिली, तळहात फिरवत पार टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"बरा आहे," ती म्हणाली.

"बरा?"

"बरा म्हणजे बराच की. भाकरी सोडू या का? भूक लागलीय मला."

नागेशने गडग्याच्या सावलीत भाकरी सोडली. अकरा वर्षांनी बायको आली, समुद्र ओलांडून आली, आणि म्हणे बरा! त्याला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

तेवढ्यात खालून माणसं वर आली. एक गोरं जोडपं आणि त्यांच्याबरोबर कमरुद्दीन नावाचा गाईड. तो मूळचा हैदराबादचा, कामाच्या दिवसांत नागेशने त्याला लांबून पाहिलेला. त्याने गडग्यावर थाप मारली आणि इंग्रजीतून काहीतरी सांगितलं. गोऱ्या बाईने लगेच कॅमेरा काढला.

"काय म्हणतोय तो?" कावेरीने विचारलं.

"म्हणतोय, हा तीनशे वर्षांपूर्वीचा आहे. इथल्या लोकांच्या वाडवडलांनी बांधलेला."

"आणि तुम्ही गप्प?"

"राहू दे गो. जुन्यासारखा दिसावा म्हणूनच तर बांधला."

पण कावेरी उठली होती. भाकरीचा हात साडीला पुसत ती कमरुद्दीनसमोर जाऊन उभी राहिली. "ओ भाऊ! ये तीनसौ बरस का नहीं है. ये हमारे इनोंने बांधा है. गये साल."

कमरुद्दीन समजुतीने हसला. "नहीं आपा, ये बहोत पुराना है. असली है."

"असली तो है ही! पर इनोंने बांधा है!"

"अगं, जाऊ दे," नागेश तिचा हात धरायला गेला. तिने तो झटकला. चपला काढल्या, एका दगडावर पाय रोवला आणि ती गडग्यावर चढलीसुद्धा.

"पुराना होता ना, तो एक तो पत्थर हिलता," ती वरून म्हणाली. "अब देखो."

आणि ती चालू लागली. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, नजर समोर. कमरुद्दीन "आपा, नीचे उतरो, मना है" म्हणत खालून तिच्या बरोबरीने चालू लागला. नागेश तिच्या पावलांकडे बघत होता. दहा पावलं. पंधरा. वळणाशी तिची डावी टाच एका चौकोनी दगडावर पडली आणि दगड केसभर कलला.

नागेशने ते पाहिलं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल, पण त्याला दिसलं, आणि तिला कळलं नसेल हे शक्यच नव्हतं.

कावेरीचं पाऊल तसूभरही अडखळलं नाही. ती चाळीसच्या चाळीस पावलं चालून शेवटच्या दगडावर ताठ उभी राहिली.

"एकभी नहीं हिला," ती मोठ्याने म्हणाली. "हमारे घर में बाप से लेके सब गडगा बांधते हैं. ऐसा हात मैंने किसी का नहीं देखा. लिखो कहीं. नागेश बांधनेवाला."

गोऱ्या बाईला शब्द कळले नाहीत, तरी तिने टाळ्या वाजवल्या. मग गोऱ्या माणसाने कमरुद्दीनला काहीतरी विचारलं, आणि कमरुद्दीनने पहिल्यांदाच नागेशकडे नीट बघितलं.

"सचमुच तुम?"

नागेशने मानेनेच होय म्हटलं.

चार वाजत आले तसे दोघं उतरू लागली. खाली पिकअप येऊन थांबलेली दिसत होती. उतार संपत आला तेव्हा नागेशला राहवलं नाही.

"वळणावरचा हलला ना गो?"

"कुठला?" कावेरीने विचारलं, आणि उतारावर आधाराला हात पुढे केला.