वर्तुळ जुळेना, दोष मोटरीला

मी मोटर बोलतेय. गाडीतली नव्हे. मिनेसोटातल्या व्हर्लिन टोस्ट्रडच्या गराजमध्ये पत्रा कापायचं टेबल आहे, त्याची. संगणक सांगेल तेवढी पावलं मोजून टाकायची, की प्लाझ्माची ज्योत तेवढीच सरकते आणि पत्रा कापला जातो. अशी माझी नोकरी होती.

व्हर्लिन शाळेची बस चालवून निवृत्त झाला आणि बायकोच्या, आर्डिसच्या, पायात घुटमळू लागला. तिनेच त्याला गराजमध्ये पिटाळलं. तिथे आम्ही दोघांनी कितीतरी हिवाळे गुण्यागोविंदाने पत्र्यातून कोंबड्या, मासे आणि लोकांची आडनावं कापली.

मग आर्डिसने चर्चच्या सोडतीतल्या बक्षिसासाठी एक गोल पाटी कबूल केली, मध्ये लून, म्हणजे इथल्या तळ्यांवरचा टोकदार चोचीचा पाणपक्षी. वर्तुळ सुरू झालं तिथे परत येऊन मिळेना. बोटभर फट राहिली आणि लूनची चोच मानेत गेली.

"हे बदक आहे की बूट?" आर्डिसने विचारलं.

"मोटर म्हातारी झालीय गं. पावलं चुकवते."

"मोटर म्हातारी? आणि आरशात कोण दिसतं रे तुला?"

मला फार लागलं ते. मी एकही पाऊल चुकवलं नव्हतं. ज्योत धरणाऱ्या पकडीचा बोल्ट ढिला होता. मी दिशा बदलली की ज्योत जरा रेंगाळून मागून यायची. पण नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगणाला कोण विचारतो?

त्या वर्षी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसतात, त्या खोपटात नवा स्टोव्ह घ्यायचा होता. जुना ऊब कमी आणि धूर जास्त देतो.

"स्टोव्हच्या पैशांतून घे तुझ्या नव्या मोटरी," आर्डिस म्हणाली. "मी दोन स्वेटर घालीन. पण चर्चमध्ये माझं नाक कापलं जाऊ देऊ नकोस."

धिप्पाड मोटरी आल्या, त्यांना वीज आणि हुकूम देणारे नवे ड्रायव्हर आले. मला कॉफीच्या डब्यात टाकलं. नव्यांनी दणक्यात वर्तुळ कापलं. झटके मोठे, त्यामुळे फटही आणखी मोठी झाली.

व्हर्लिन फट बघायला टेबलावर वाकला. मग त्याने पकडीला हात लावला. ती हलली. त्याने पाना घेऊन बोल्ट आवळला. पुढचं वर्तुळ असं जुळलं, की सुरुवात कुठली ते शोधूनही सापडेना.

"बघ, नव्या मोटरींचा गुण!" आर्डिस खुशीत म्हणाली.

"हो ना," व्हर्लिन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

ती पाटी घेऊन गेल्यावर त्याने मला डब्यातून काढलं, शर्टाने पुसलं आणि हळूच म्हणाला, "चूक तुझी नव्हती. पण तिला सांगू नकोस."

आता मी खिडकीत असते. इथून गोठलेलं तळं दिसतं. आर्डिस दोन स्वेटर घालून खोपटाकडे निघते, आणि व्हर्लिन स्वतःचं जाकीट काढून तिच्या खांद्यावर टाकतो.

"आज प्रेम फारच उतू चाललंय," ती म्हणते.

कुणाला म्हातारं ठरवण्याआधी एकदा बोल्ट आवळून बघा, एवढंच माझं मागणं. आणि आर्डिस भेटली, तर काही बोलू नका. ते जाकीट तिला फार उबदार वाटतं.